बॅकअप घेतला, पण कुठे?

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलमध्ये सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न म्हणजे ‘पेन ड्राइव्ह आहे का रे?’ कोडची कॉपी सगळेच ठेवतात. डेटाबेसचं काय? ॲप्लिकेशनमध्ये ‘बॅकअप’चं बटण असतं, व्हायव्हाला ते दाबलं की ‘सक्सेसफुल’ येतं आणि विषय संपतो. मला वाटतं, खरा विषय तिथेच सुरू होतो.

समजा, मेसच्या हिशेबाचं ॲप्लिकेशन आहे आणि डेटाबेस एसक्यूलाइटचा, म्हणजे एकच फाइल. ती सरळ कॉपी केली तर? त्याच क्षणी कोणाचं बिल लिहिलं जात असेल, तर कॉपीत निम्मं जुनं, निम्मं नवं येऊ शकतं. ‘डब्ल्यूएएल’ मोड चालू असेल तर ताज्या नोंदी आधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये जातात आणि फक्त मुख्य फाइल उचलली की त्या मागेच राहतात. म्हणून कॉपीचं काम डेटाबेसलाच सांगावं. एसक्यूलाइटमध्ये २००९पासून बॅकअप एपीआय आहे. पायथॉनच्या ३.७ आवृत्तीपासून कनेक्शनवर ‘बॅकअप’ ही मेथडच मिळते. ॲप्लिकेशन चालू असतानाही ती नीट प्रत काढते.

एसक्यूएल सर्व्हरची गंमत वेगळी. कमांड आपण आपल्या पीसीवरून देतो, पण फाइल लिहितो सर्व्हर. त्यामुळे आपण लिहिलेला ‘डी ड्राइव्ह’ म्हणजे सर्व्हरचा डी ड्राइव्ह! लॅबमध्ये ‘बॅकअप झाला, पण फाइल कुठाय?’ अशी शोधाशोध मी बरेचदा पाहिली आहे.

आता जागेचा प्रश्न. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तळमजल्यात पाणी शिरणं म्हणजे काय, हे वडाळा-दादरच्या माणसाला सांगायला नको. डेटाबेस आणि बॅकअप एकाच मशीनवर असतील, तर दोघं एकदमच बुडतात. २१ जून २०१२ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा वरच्या मजल्यांवरच्या कित्येक फायली जळाल्या. ज्या कागदाची दुसरी प्रत नव्हती, तो कायमचा गेला. म्हणून निदान एक प्रत दुसऱ्या इमारतीत हवी.

एवढं करूनही पुरत नाही. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब कंपनीत मुख्य डेटाबेस चुकून डिलीट झाला. रोजचा बॅकअप बघायला गेले, तर व्हर्जन जुळत नसल्याने तो गुपचूप फेल होत होता. सुमारे सहा तास आधी एका इंजिनिअरने वेगळ्याच कामासाठी घेतलेल्या स्नॅपशॉटने वाचवलं. मधल्या सहा तासांचा डेटा गेलाच.

तात्पर्य काय, तर फाइलच्या नावात तारीख टाका, म्हणजे आजची खराब प्रत कालच्या चांगल्या प्रतीवर बसणार नाही. प्रत काढल्यावर ॲप्लिकेशननेच ती उघडावी, इंटिग्रिटी चेक करावा, रेकॉर्ड मोजावेत आणि मगच ‘सक्सेसफुल’ म्हणावं. आणि महिन्यातून एकदा तरी ती दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघा. जो बॅकअप रिस्टोअर करून पाहिलेला नाही, त्याच्या भरवशावर मेसचा हिशेब सोडू नये!