वजन उसाचे वाढवा, अंगाचे नव्हे



या पानावर आम्ही नेहमी बेणे प्रक्रिया, खतांच्या मात्रा, खोडवा, हुमणी यांविषयी लिहितो. या खेपेस विषय जरा वेगळा घेतला आहे. उसाचे वजन कसे वाढवावे हे सांगत फिरणाऱ्याने अंगाचे वजन कमी कसे करावे हे सांगावे, याचे काहींना हसू येईल. पण गेली काही वर्षे शिवारात जे दिसते आहे, ते पाहून गप्प बसणे आम्हाला बरे वाटेना.

निमित्त असे घडले. गेल्या वर्षी पावसाळा सरत असताना आम्ही एका सभासदांच्या आडसाली उसाच्या पाहणीस गेलो होतो. दोन एकरांचा तुकडा, ऊस डोक्याच्या वर गेलेला. पलीकडच्या कडेला पाने पिवळी पडल्याचा निरोप होता. सभासद पन्नाशीचे, तरुणपणी गावच्या तालमीत घाम गाळलेले. त्यांनी मोटारसायकल बांधावर उभी केली आणि म्हणाले, "साहेब, तुम्हीच आत जाऊन या. मला सरीत शिरलं की दम लागतोय."

"बसा तात्या, आलोच," म्हणून आम्ही ऐटीत सरीत शिरलो आणि निम्म्यावर जाऊन आम्हीच थांबलो. छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली. शेवटी तात्यांचा पुतण्या पलीकडे जाऊन आला. त्याने सांगितले, "तिकडं पाणी साचलंय, पाय रुततोय." मोटार मोबाईलवरून चालू होत होती, मोबाईलवरूनच बंद होत होती. वरच्या अंगाला पाणी बेताचे दिसे, खालच्या अंगाला तुंबत होते. तिकडे पाय टाकून पाहणारे मात्र महिनाभर कोणी नव्हते.

त्याच आठवड्यात आम्ही डॉक्टरांकडे गेलो. वजन ८६ किलो, कंबरेचा घेर ४० इंच, रक्तदाब वाढलेला आणि रक्तातील साखर काठावर. डॉक्टर म्हणाले, "साखर कारखान्यात करा, अंगात नको." हसण्यावारी नेले, पण रात्री झोप लागली नाही.

खुराक तोच, काम गेले

आपल्या वडिलांच्या पिढीने शेतावर पायी जाऊन नांगर धरला, कुदळीने भरणी केली, रात्र रात्र दारे धरली. आज नांगरटीला ट्रॅक्टर आहे, सरी पाडायला यंत्र आहे, पाण्याला ठिबक आहे, तोडणीला टोळी येते. यात वाईट काही नाही. अंगमोड कष्ट कमी व्हावेत म्हणूनच ही साधने आली. पण कष्ट कमी झाले तसे ताट कमी झाले नाही. उलट त्यात फरसाण, बिस्किटे, वडापाव, ढाब्यावरचे जेवण यांची भर पडली.

आपला मुलूख कुस्तीचा. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. तेव्हा पैलवानाचे पुढे काय होते हे आपल्याला सांगायला नको. ज्याची मेहनत सुटते पण खुराक सुटत नाही, त्याचे पोट चार-पाच वर्षांत पुढे येते. आज हीच गत निम्म्या गावाची झाली आहे. फरक इतकाच, की पैलवानाने मेहनत स्वतः सोडली आणि आपली मेहनत यंत्रांनी सोडवली.

सरसकट सर्वांना हे लागू नाही. ज्यांचे हात अजून दिवसभर मातीत आहेत त्यांना, आणि पहाटेपासून कोयता चालवणाऱ्या ऊसतोड भावा-बहिणींना वजन उतरवण्याचा सल्ला देणे म्हणजे चेष्टाच होईल. हा लेख गाडीवरून शेत बघणाऱ्यांसाठी आहे. त्यात आम्हीही आलो.

चहाचा हिशेब

डॉक्टरांनी आम्हाला दिवसाचे चहा मोजायला सांगितले. मोजले, ते आठ भरले. सभासदाच्या दारात गेले की चहा नको म्हणणे अवघड, रागच येतो माणसाला. एका कपात दोन चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर धरा. आठ कपांची ८० ग्रॅम झाली. वर्षाची २९ किलो, म्हणजे अर्ध्या पोत्याहून जास्त. साखर उतारा साडेअकरा टक्के धरला तर अडीच क्विंटल उसाची साखर आम्ही एकटे चहातून पीत होतो. त्यात शिरा, जिलेबी आणि पेढे धरलेले नाहीत.

एक ग्रॅम साखरेतून शरीराला ४ उष्मांक मिळतात. म्हणजे रोजच्या चहातील साखरेचेच ३२० उष्मांक. ७५ किलो वजनाचा माणूस तासभर बेताच्या चालीने चालला तर सुमारे २५० उष्मांक खर्च होतात. नुसते चालून भागत नाही, ते यासाठी.

आता कोणी म्हणेल, साखर कारखान्याच्या अंकात साखर कमी खा असे लिहिणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. तसे नाही. साखर विष नाही, तशीच ती पोटभर खाण्याची वस्तूही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून कमी उष्मांक वरून घातलेल्या साखरेचे असावेत. २००० उष्मांकांच्या आहारात ही मर्यादा ५० ग्रॅम होते. २५ ग्रॅमच्या आत राहिलात तर अधिक चांगले. गुळाने प्रश्न सुटेल असे समजू नका. उष्मांकांत गूळ साखरेच्या जवळपासच आहे. सवलतीच्या दराने मिळणारी साखर घरी आली म्हणून ती संपवलीच पाहिजे, असा कारखान्याचा नियम नाही. आणि सभासद आजारी पडून कारखाना कसा मोठा होईल?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण असल्याचा अंदाज निघाला. तो आता फक्त शहरी लोकांचा रोग राहिलेला नाही.

आधी मोजणी करा

उसाच्या वजनकाट्यावर आपला किती बारीक डोळा असतो! दहा किलोचा फरक पडला तर आपण हिशेब मागतो. स्वतःच्या अंगावर दहा किलो चढले तरी विचारत नाही.

म्हणून घरातला टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, उभ्याने मोजा. पोट आत ओढू नका, तिथे फसवणूक स्वतःचीच होते. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या आत आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत असावा. पोटावरची चरबी ही मधुमेह आणि हृदयविकार यांना जवळची वाट आहे. तिशी ओलांडलेल्यांची रक्तदाबाची आणि मधुमेहाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. माती परीक्षणाशिवाय खत टाकू नका असे आम्ही सांगतो, तसेच हे.

मात्रा पिकाप्रमाणे

आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. कोणी चढाओढीने जास्त टाकतो. मग ऊस लुसलुशीत वाढतो, लोळतो, किडीला बळी पडतो आणि उतारा घटतो. वाढ दिसते, पण कस नसतो. माणसाचेही तसेच आहे. कामाप्रमाणे मात्रा घ्यावी. आम्ही केले ते असे:

१) चहा आठावरून तीनवर आणला, तोही बिनसाखरेचा. पहिले पंधरा दिवस कडू गेले, नंतर सवय झाली. सभासदांच्या दारात आता आम्ही ताक किंवा पाणी मागून घेतो. कोणी रागावले नाही.

२) ताटाची मांडणी बदलली. निम्मे ताट पालेभाजी, काकडी, मुळा, कांदा यांचे. पाव ताट मटकीची उसळ, डाळ, अंडी किंवा मासळी. उरलेल्या पावात भाकरी किंवा भात. दोन्हींचा ढीग नको. ज्वारीची भाकरी, मेथी आणि ताक हे आपले जुने जेवण सोडून महागड्या डब्यातील भुकटीच्या मागे लागण्याचे कारण नाही.

३) तेलाचा हिशेब ठेवला. माणशी महिन्याला अर्धा-पाऊण किलो पुरे. चार माणसांच्या घरात पाच किलोचा डबा महिन्यात संपत असेल तर कढईकडे लक्ष द्या. तेलाच्या एका ग्रॅमला ९ उष्मांक आहेत.

४) रात्रीचे जेवण साडेआठच्या आत आणि हलके. जत्रा, लग्न, हुरडा यांना जरूर जावे. पण एका दिवसाची जत्रा आठवडाभर चालवू नये.

भगिनींना एक विनंती. "टाकवत नाही म्हणून खाल्लं" असे घरोघर ऐकू येते. उरलेले अन्न तुमच्या पोटात गेले तरी ते वायाच जाते, वर दुखणे आणते. भाकरी मोजून करा.

पाय शेताला लागू द्या

गावात सकाळी नुसते फिरायला निघाले की लोक हसतात. "ह्याला कामधंदा नाही वाटतं!" म्हणून आम्ही युक्ती काढली. गाडी रस्त्याला लावायची आणि प्लॉट पायी बघायचे. शेत दीड-दोन किलोमीटरवर असेल तर गाडी घरीच ठेवा. जाऊन-येऊन पाऊण तास होतो. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर, म्हणजे बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा चालीने चाललात, तरी १५० मिनिटे भरतात. प्रौढ माणसाला एवढे किमान हवे असे तज्ज्ञ सांगतात.

यात शेताचाही फायदा आहे. लोकरी माव्याने २००२ साली आपल्या भागात केलेली दैना जुन्या सभासदांना आठवत असेल. खोडकिडीचे पोंगे, काणीचा फटका, फुटलेली नळी हे बांधावरून दिसत नाही. आत शिरणाऱ्याला दिसते.

चालण्याने दम वाढतो, पण अंग घट्ट होण्यासाठी स्नायूंना काम हवे. चाळिशीनंतर ते हळूहळू झिजतात. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार आयुष्यभर केला. त्याला ना यंत्र लागते ना फी. आठवड्यातून दोन-तीन दिवस तीन-चार नमस्कारांपासून सुरुवात करून हळूहळू वाढवा. गुडघे दुखत असतील तर खोल बैठका नकोत. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, भिंतीला हात लावून जोर काढा.

मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास किंवा जास्त मेहनत करू नये, साखर एकदम उतरू शकते. अशांनी सरीत अनवाणी फिरू नये, पायाला लागलेले कळत नाही. छातीत दाब किंवा कळ आली तर ताबडतोब थांबावे आणि दवाखाना गाठावा.

घाई नको

लागण केल्याच्या दुसऱ्या महिन्यात कोणी तोड मागत नाही. वजनही आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी पुष्कळ. महिन्यात दहा किलो उतरवून देणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहा, ते वजन त्याच वेगाने परत येते. थोड्याने काय होणार असे वाटत असेल तर ऐका. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मधुमेहाच्या काठावर असलेल्या लोकांना दोन उद्दिष्टे दिली होती. वजन ७ टक्के उतरवायचे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम करायचा. तेवढ्यावर त्यांच्यातील मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिले. ८६ किलोचे ७ टक्के म्हणजे फक्त सहा किलो.

आमचे वजन आठ महिन्यांत ७७ किलोवर आले. घेर ३६ इंच आहे, अजून अर्धा इंच बाकी आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे, मात्र डॉक्टरांनी ती कमी केली.

आणि तात्या? त्यांनी खालच्या अंगाला चर काढून साचलेले पाणी बाहेर काढले. ते पाहायला म्हणून रोज पायी जाऊ लागले ते जाऊ लागलेच. वजन किती उतरले हे आम्ही विचारले नाही. पण यंदा त्याच शेतातील खोडव्याच्या पाहणीला गेलो तेव्हा ते सरीत आमच्या पुढे चालत होते आणि मागे वळून म्हणाले, "साहेब, या की लवकर."

बंधू-भगिनींनो, या आठवड्यात एकदा तरी गाडी बांधावर ठेवा आणि शेताच्या पलीकडच्या कडेपर्यंत चालून या. तिथे काय दिसले ते गट ऑफिसला जरूर कळवा.

— ऊस विकास अधिकारी