परवाना बंदुकीचा आणि परवाना भरावाचा

नव्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाल्यापासून नवी मुंबईच्या सार्वजनिक चर्चेत पाणपक्ष्यांना एकाएकी महत्त्व प्राप्त झाले असून, जे पक्षी कालपर्यंत हौशी छायाचित्रकारांचा विषय समजले जात, ते आज विमानाच्या इंजिनाचे संभाव्य वैरी म्हणून ओळखले जाऊ लागले आहेत. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर विमानाच्या धडकेने कोसळलेले फ्लेमिंगो, त्याआधी काही आठवडे नेरूळच्या डीपीएस तलावात झालेले त्यांचे मृत्यू, आणि त्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्याचा राज्य वन्यजीव मंडळाचा एप्रिल २०२५ मधील निर्णय, हा सारा इतिहास वाचकांस मुखोद्गत आहे. परंतु या गुलाबी पाहुण्याचा बोलबाला इतका झाला की, दर हिवाळ्यात त्याच्याच शेजारी उतरणारी थापट्या, तलवार, चक्रांग आणि भुवई ही मध्य आशिया व सायबेरियाकडून येणारी रानबदके कोणाच्या गणतीतच राहिली नाहीत. आजचा मजकूर त्यांच्याविषयी आहे.

थापट्याकडेच पाहा. फावड्यासारख्या रुंद चोचीच्या या बदकाच्या चोचीच्या कडांना बारीक दातेरी पट्ट्यांची झालर असते. पाण्यावर मान सपाट टेकवून ते पुढे सरकते, चोचीत शिरलेले गढूळ पाणी त्या झालरीतून बाहेर गाळते, आणि बारीक कवचधारी जीव, गोगलगायी व बिया तेवढ्या आत ठेवते. पुष्कळदा दहावीस थापटे एकामागून एक गोलाकार पोहत पाणी घुसळतात आणि पुढच्याच्या पायांनी वर आलेला गाळ मागच्याच्या तोंडी पडतो. या जेवणासाठी खोल जलाशय कुचकामाचा आणि कोरडी जमीनही कुचकामाची. हवे असते ते वीतभर ते हातभर पाणी, म्हणजे नेमके ते उथळ पाणी, ज्याला आपल्या नियोजनाच्या भाषेत ‘विकासक्षम भूखंड’ म्हणतात.

अशा उथळ पाण्यावर आपल्याकडे पूर्वी बंदुकीचा अंमल होता. १९१२ च्या कायद्याने प्रांतिक सरकारांना बदके, तितर, लावे इत्यादी पक्ष्यांसाठी बंदीकाळ जाहीर करण्याचा अधिकार दिला. १९५१ मध्ये मुंबई राज्याने स्वतःचा वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण कायदा केला. १९७२ च्या केंद्रीय वन्यजीव संरक्षण कायद्यातही बहुतेक बदके चौथ्या अनुसूचीत राहिली, आणि लहान शिकारीचा परवाना काढणाऱ्यास ती मारण्याची मुभा होती. ही मुभा १९९१ च्या दुरुस्तीने संपुष्टात आली. तेव्हापासून भारतात बदकांच्या शिकारीचा हंगाम नाही, आणि याबद्दल खेद करण्याचे प्रस्तुत लेखकास काही कारण दिसत नाही.

तथापि त्या काळाची एक कैफियत ऐकून घेण्यासारखी आहे, आणि ती मांडण्यास डॉ. सलीम अली यांच्याइतका योग्य साक्षीदार दुसरा नाही. १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मलेल्या या पोरक्या मुलाचे पालनपोषण खेतवाडीत राहणारे त्याचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी केले. मामा पट्टीचे शिकारी होते, आणि भाच्याच्या हाती छऱ्याची बंदूक आली ती त्यांच्याच कौतुकाने. त्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या एका चिमणीची ओळख पटेना, म्हणून मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे धाडले, आणि तेथील पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या कपाटांपाशी भारतीय पक्षिशास्त्राचा पुढचा अध्याय सुरू झाला, ही कथा सर्वश्रुत आहे. तिच्याइतकी सर्वश्रुत नसलेली गोष्ट ही की, या पक्षितज्ज्ञाने शिकारीचे आपले प्रेम कधी लपवले नाही. मर्यादेत केलेली शिकार आणि संरक्षण ही दोन्ही त्यांच्या ठायी सुखाने नांदत होती. त्यांचा रोष होता तो हव्यासावर आणि अधिवासाच्या नाशावर.

हव्यासाचा कळस पाहावयाचा तर भरतपूरला जावे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी, म्हणजे योगायोगाने सलीम अलींच्या बेचाळिसाव्या वाढदिवशी, व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले, आणि हा आकडा अभिमानाने दगडावर कोरला गेला. कोणाही सहृदय माणसास तो वाचून शिसारी यावी. परंतु त्याच दगडाची दुसरी बाजू अशी की, ही शिकार साधावी म्हणून संस्थानाने बांध घातले, दरवाजे बसवले आणि दरसाल पाणी सोडून तेथील पाणथळ जिवंत ठेवली. स्वातंत्र्यानंतर ती कोरडी करून शेतीस द्यावी अशी मागणी झाली, तेव्हा पंडित नेहरूंपर्यंत रदबदली करून ती वाचवणाऱ्यांत सलीम अली होते. पुढे १९८१ मध्ये भरतपूरचे नाव आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेले. आपले ठाणे खाडीक्षेत्र त्या यादीत पोहोचण्यास २०२२ साल उजाडावे लागले.

शिकारी आणि संरक्षक यांचे हे विचित्र सख्य अमेरिकेने हिशेबाच्या वहीत उतरवले. १९३४ पासून तेथे पाणपक्ष्यांची शिकार करणाऱ्या सोळा वर्षे व त्यावरील प्रत्येकास दरसाल एक ‘डक स्टँप’ विकत घ्यावा लागतो. पहिल्या तिकिटावरचे चित्र एका व्यंगचित्रकाराने काढले होते, किंमत होती एक डॉलर, आणि आज ती पंचवीस डॉलर आहे. त्या उत्पन्नातील जवळजवळ सर्व रक्कम पाणथळ जमिनी राखण्यावर खर्च होते, आणि आजवर साठ लाख एकरांहून अधिक क्षेत्र त्यातून सुरक्षित झाले. दर वर्षी विमानातून व जमिनीवरून बदकांची गणना होते, आणि हंगाम किती दिवसांचा व दर माणशी किती पक्षी, याचा निर्णय त्या गणनेच्या आधारे घेतला जातो. १९७० पासून उत्तर अमेरिकेतील सुमारे तीनशे कोटी पक्षी घटल्याचे २०१९ मधील अभ्यासाने दाखवले, तेव्हा ज्या मोजक्या गटांची संख्या वाढलेली आढळली त्यांत पाणबदके होती, आणि ती वाढ सुमारे ५६ टक्के होती. अलीकडे तेथेही उतार दिसू लागला आहे, हे खरे. पण उतार लागला हे समजते, कारण मोजणारा माणूस नेमलेला आहे.

आपल्याकडे बंदूक सरकारजमा झाली आणि तिच्याबरोबर वहीही मिटली. २०१७ च्या पाणथळ नियमांनी आपल्या व्याख्येतून भातखाचरे, मिठागरे आणि मत्स्यसंवर्धन, सिंचन वा पेयजलासाठी बांधलेली जलस्थाने वगळली आहेत; म्हणजे उरण-पनवेलच्या पट्ट्यात बदके जेथे पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली, त्या खाजणांचा आणि मिठागरांचा मोठा भाग कायद्याच्या दृष्टीने पाणथळच नव्हे. सिडको या शासकीय महामंडळाने भरतीच्या पातळीखालील जमिनीवर नवी मुंबई वसवताना डच पद्धतीचे धारण तलाव खोदले, पावसाचे पाणी साठवून ओहोटीला सोडणारी झडपांची दारे बसवली, आणि त्या अभियांत्रिकीने नकळत बदकांनाही आसरा दिला. परंतु त्यांचे अस्तित्व पक्ष्यांच्या नावे कोणत्याही दप्तरी नोंदलेले नसल्याने, गाळ साचला, दारे नादुरुस्त झाली किंवा एखाद्या कामाने खाडीच्या पाण्याची वाट बुजली, तरी पक्ष्यांच्या वतीने जाब विचारणारा कोणी नसतो. डीपीएस तलावाच्या बाबतीतही शासनाने नेमलेल्या समितीला सुचवावी लागली ती साधी गोष्ट, भरतीच्या पाण्याचा मार्ग मोकळा करण्याची. बदकावर गोळी झाडणाऱ्यास कायदा तुरुंगात धाडतो. त्याच्या पायाखालचे पाणी भरावाने हटवणाऱ्यास मात्र परवानगीची प्रत मिळते.

येथे काही सुज्ञ मंडळी सुचवतात की विमानांच्या सुरक्षिततेसाठी पाणथळी हटवाव्यात. हा युक्तिवाद वरवर सरळ, पण मुळात उफराटा आहे. हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी तलाव बुजल्याचे ऐकून परत फिरत नाही. तो जवळचे दुसरे पाणी शोधतो, आणि विमानतळाच्या आवारात पावसाने साचलेले डबकेही त्यास चालते. धावपट्टीपासून दूरची पाणथळ सुस्थितीत राखणे हीच वैमानिकाचीही सोय आहे.

म्हणून बंदूक परत आणण्याची गरज नाही, परंतु शिकारीच्या काळातील शिस्त परत आणण्याची आहे. प्रत्येक खाजण, धारण तलाव व मिठागर यांची गावनिहाय यादी व्हावी. जानेवारीत स्वयंसेवक आशियाई पाणपक्षी गणनेत जे आकडे गोळा करतात, ते सरकारी नोंदीत अधिकृतपणे दाखल व्हावेत. पाण्याची पातळी आणि भरतीची दारे यांची जबाबदारी एका नामनिर्देशित अधिकाऱ्यावर असावी. आणि ज्या प्रकल्पाने पाणथळ गिळली, त्याच्याकडून दरसाल शुल्क वसूल होऊन ते उरलेल्या पाणथळींवरच खर्च व्हावे. अमेरिकेतील शिकारी पक्षी मारण्यासाठी किंमत मोजतो, आणि आपण त्याला रानटी म्हणतो. आपण पक्ष्याचे घर बुजवतो आणि एक छदामही मोजत नाही. या दोहोंत रानटी कोण, याचा निवाडा नवी मुंबईच्या नागरिकाने करावा, आणि तो करण्यापूर्वी येत्या जानेवारीत आपल्या घराजवळच्या एका तलावाची गणना स्वतः करावी.