चमच्यांतील दूध व भिंतींतील पाणी

यंदाच्या पावसाळ्यांत आठवीच्या वर्गांतील एका मुलीनें मला विचारलें, "सर, आपलें अंबरनाथचें शिवमंदिर पांडवांनीं एका रात्रींत बांधलें, हें खरें का?" अर्धा वर्ग हंसला, उरलेला अर्धा गंभीर झाला, पण तिच्या प्रश्नाचें उत्तर कोणींच दिलें नाहीं. हंसणें ही सत्य शोधण्याची रीत नव्हे, आणि नुसती मान डोलावणें ही तर नव्हेच. मग ती रीत कोणती, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस कांहीं घडलेल्या गोष्टींवरून सांगावें, असा या लेखाचा हेतु आहे. मंदिराचा प्रश्न शेवटीं घेऊं.

ता. २१ सप्टेंबर १९९५ रोजीं पहाटे दिल्लींतील एका देवळांत गणपतीच्या मूर्तीनें दूध प्यालें अशी वार्ता निघाली, आणि दुपारपर्यंत ती टेलिफोनद्वारें देशभर, किंबहुना परदेशांतील देवळांपर्यंत जाऊन पोंचली. मी तेव्हां चौदा वर्षांचा होतों. शेजारच्या मित्राबरोबर मीही रांगेंत उभा राहिलों. चमचा सोंडेस लावतांच दूध कमी होऊं लागलें, हें मीं या डोळ्यांनीं पाहिलें व आजही नाकारीत नाहीं. डोळ्यांनीं कांहीं खोटें दाखविलें नव्हतें. "दूध चमच्यांतून गेलें" एवढेंच त्यांनीं दाखविलें होतें. "तें मूर्तीच्या पोटांत गेलें" हें आमच्या मनानें जोडलें. हे दोन भाग वेगळे करतां आले, कीं निम्में काम झालें म्हणून समजावें.

मग दूध गेलें कोठें? राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संचार परिषदेच्या शास्त्रज्ञांनीं दुधांत रंग मिसळून पाहिलें, तेव्हां तें मूर्तीच्या अंगावरून खालीं ओघळतांना स्पष्ट दिसलें. द्रव पदार्थाच्या पृष्ठभागास एक प्रकारचा ताण असतो. काठोकाठ भरलेला चमचा ओलसर व पुढें आलेल्या भागास टेकला आणि किंचित् कलला, कीं त्या ताणानें दूध चमच्याबाहेर ओढलें जातें व पातळ पापुद्र्यासारखें खालीं उतरतें. पांढऱ्या संगमरवरावर किंवा सकाळच्या स्नानानें ओल्या झालेल्या मूर्तीवर तें सहसा लक्षांत येत नाहीं. गेल्या वर्षीं आमच्या प्रयोगशाळेंत मुलांनीं लाल शाई घातलेलें दूध नदींतील एका गोट्यास, पालथ्या पेल्यास व पितळी फुलपात्राच्या तळास "पाजलें". तिन्हीही प्याले! अशा प्रयोगांत मूर्तीऐवजीं दुसरी साधी वस्तु घेऊन पाहणें हीच खरी कसोटी आहे. पवित्र शास्त्रांत शास्ते या पुस्तकांत गिदोनाची कथा आहे. त्यानें पहिल्या रात्रीं लोंकर ओली व भूमि कोरडी राहावी असें मागितलें. तसें झालें, तरी त्याचें समाधान झालें नाहीं. लोंकर दंव शोषीतच असेल, ही शंका त्यास आली असावी. म्हणून दुसऱ्या रात्रीं त्यानें नेमकें उलटें मागितलें. कोणत्याही प्रयोगशाळेनें कौतुक करावें अशी ही दक्षता आहे.

आतां आमच्या घरची गोष्ट सांगतों. ती टाळली, तर वरची सांगण्याचा अधिकार मला उरत नाहीं. मार्च २०१२ मध्यें मुंबईंत विलेपार्लें येथील वेलंकणी मातेच्या चर्चजवळील क्रूसमूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकूं लागलें. भाविक जमले, प्रार्थना झाल्या, कित्येकांनीं तें पाणी बाटल्यांत भरून घरीं नेलें. ता. १० मार्च रोजीं सनल एडमारुकू हे विवेकवादी गृहस्थ तेथें आले. सर्वजण मूर्तीचे पाय पाहत होते. त्यांनीं मूर्तीमागची भिंत पाहिली. भिंत ओली होती. जवळच्या शौचालयाचें पाणी जेथून वाहून जावयाचें, तो मार्ग तुंबला होता, व तें पाणी बारीक छिद्रांतून केशाकर्षणानें वर चढून खिळ्याच्या छिद्रावाटे मूर्तीवर येत होतें, असें त्यांनीं छायाचित्रांसह दाखविलें. दिव्याची वात तेल वर ओढते, तोच हा नियम. चर्चच्या अधिकाऱ्यांनीं हा चमत्कार असल्याचें अधिकृतपणें जाहीर केलें नव्हतें. तरीही कांहीं ख्रिस्ती मंडळींनीं धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी पोलिसांत दिल्या, आणि त्याच वर्षीं एडमारुकू फिनलंडला निघून गेले. भिंत ओली कीं कोरडी हा प्रश्न हात लावून सुटणारा होता. तो पोलिस ठाण्यांत नेण्याची गरज नव्हती, असें माझें मत आहे.

त्या दिवसांत माझ्या वृद्ध मावशीनें मला म्हटलें होतें, "बाळा, जाऊन एवढीशी बाटली भरून आण रे." मीं "सवड नाहीं" म्हणून टाळलें. खरें कारण सांगण्याचें धैर्य मला झालें नाहीं. कॉलेजांत शिकत असतां शेजाऱ्यांच्या मूर्तीविषयीं पृष्ठताणाचा धडा मीं किती उत्साहानें सांगितला होता! स्वतःच्या क्रूसापाशीं तोच धडा माझ्या तोंडून निघेना. दुसऱ्या कोणीं तिला तें पाणी आणून दिलें असतें, तर? सांडपाण्यानें कावीळ होते, विषमज्वर होतो; आणि माझें मौन तिच्या कामीं आलें नसतें.

पाण्यावरून आणखी एक आठवलें. ता. १८ ऑगस्ट २००६ रोजीं माहीमच्या किनाऱ्यावर समुद्र गोड झाला म्हणून लोक ओंजळी भरभरून प्याले. मिठी नदी तेथेंच खाडीस मिळते. पावसाळ्यांत तिचें गोडें पाणी भरपूर येतें, आणि समुद्राचें पाणी त्याहून सुमारें अडीच टक्के जड असल्यामुळें गोडें पाणी वर तरंगतें. पाण्यांत मीठ फारसें नव्हतें. नदीनें आणलेली घाण मात्र होती. आपली वालधुनी उद्यां गोड लागली, तर आपण पिऊं काय?

आतां मंदिर. त्याच्या उत्तर द्वारावरील दगडावर एक शिलालेख मिळाला. त्यांत शिलाहार राजा माम्वाणि, म्हणजे मुम्मुणि, याचें नांव व शकाचा आंकडा आहे. डॉ. भाऊ दाजी यांनीं तो आंकडा प्रथम ७८२ असा वाचला, म्हणजे इ. स. ८६०. पुढील संशोधकांनीं तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा ठरविला. हें दुसरें वाचन कां स्वीकारावें? मुम्मुणि हा छित्तराजाचा धाकटा भाऊ, आणि छित्तराजाचा भांडुपचा ताम्रपट शके ९४८ चा, म्हणजे इ. स. १०२६ चा आहे. थोरला भाऊ १०२६ सालीं राज्य करीत असतां धाकट्यानें ८६० सालीं मंदिर कसें बांधावें? एवढ्या मोठ्या विद्वानाचें वाचन चुकलें, तें दुरुस्त झालें, आणि त्यायोगें त्यांचा मान यत्किंचित् कमी झाला नाहीं.

हें सर्व त्या मुलीस फळ्यावर मांडून दाखविलें. ती म्हणाली, "मग लोक पांडवांचें नांव कां घेतात?" मीं तिला नाशिकच्या पांडवलेण्यांविषयीं सांगितलें. तेथें दगडांत सातवाहन व क्षत्रप घराण्यांतील दात्यांचीं नांवें कोरलेलीं असून लेणीं बौद्ध भिक्षूंसाठीं खोदलेलीं आहेत. तरी नांव पांडवांचेंच. अक्षरें वाचणारे उरले नाहींत, काम तर अलौकिक दिसतें. मग कर्तेही अलौकिकच हवेत, असें लोकांस वाटलें असावें.

त्या रविवारीं ती आजीस घेऊन मंदिरांत गेली व उत्तरेचें द्वार दाखवून आली. आजी अजून पांडवांचेंच नांव घेते, पण आतां पाहुण्यांना तें द्वारही दाखविते, असें ती सांगते.