इको वाढवा, पण शब्द बुडवू नका

जयंतीचा कार्यक्रम असो, वर्षावासाची सांगता असो की कव्वालीचा सामना असो; गायक माईकपुढे उभा राहिला की मशीनवाल्याला त्याची पहिली सूचना असते, "भाऊ, इको वाढवा." वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, हिंगणघाट, कोणत्याही तालुक्यात जा, हे वाक्य कानावर पडतेच. इको वाढतो, आवाज भरदार वाटतो, गायक खूश होतो. पण मंडपाच्या शेवटी सतरंजीवर बसलेल्या मायमाउलीला विचारा, कडव्यातले किती शब्द समजले? पुष्कळदा उत्तर मिळते, "चाल चांगली होती, बाकी काही उमगलं नाही."

आपल्या गाण्यात चाल आहे, ठेका आहे, पण त्याचा प्राण शब्दात आहे. लोककवी वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गावोगाव हिंडले आणि जे सांगायचे ते शब्दांतूनच सांगितले. तो शब्दच श्रोत्यापर्यंत पोचला नाही तर वर्गणी काढून आणलेल्या गायन पार्टीचा उपयोग काय? म्हणून इको म्हणजे काय आणि तो किती द्यावा, हे गायकाने, मशीनवाल्याने आणि कमिटीच्या कार्यकर्त्यानेही समजून घेतले पाहिजे. त्यासाठी जुन्या टेपच्या आणि स्प्रिंगच्या पेट्यांची माहिती फार उपयोगी पडते.

टेपची पेटी

पूर्वी असे यंत्र हाताशी नव्हते तेव्हा अंतराचाच उपयोग करीत. 'महल' (१९४९) या चित्रपटातील लता मंगेशकरांचे गाजलेले गाणे आठवा. आवाज दुरून जवळ येतो आहे असे वाटावे म्हणून त्या खोलीच्या कोपऱ्यातून गात गात माईकपर्यंत चालत आल्या होत्या.

पुढे टेपरेकॉर्डर आला आणि एक सोपी युक्ती सापडली. टेपवर आवाज भरणारे हेड आणि तो वाजविणारे हेड यांच्यात थोडे अंतर असते. तेवढे अंतर कापायला टेपला जो वेळ लागतो, तेवढ्या उशिराने आवाज परत ऐकू येतो. टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर धावत असेल आणि दोन हेडमध्ये ५ सेंटिमीटर अंतर असेल, तर आवाज सुमारे पाव सेकंद उशिरा येतो. हाच टेप इको. १९५८ साली इंग्लंडमध्ये वॉटकिन्स कंपनीने 'कॉपीकॅट' ही पेटी काढली. १९७४ साली जपानच्या रोलँड कंपनीची 'स्पेस इको आरई-२०१' आली. तिच्यात आवाज वाजविणारी तीन हेड आणि शिवाय आत स्प्रिंगचा रिव्हर्ब होता. ही पेटी जगभर गाजली.

या पेटीवर आवाज किती वेळा परतावा हे ठरविणारे एक बटन असते. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर ते घसाऱ्याचे बटन आहे. परतलेल्या आवाजाचा निम्मा भाग पुन्हा टेपवर पाठविला, तर १००, ५०, २५, साडेबारा असा तो उतरत जातो आणि संपतो. दर वेळी जेवढा आला तेवढाच किंवा त्याहून जास्त पाठविला, तर घसारा संपून चक्रवाढ व्याज सुरू होते. मग जी शिट्टी सुटते ती सगळ्या मंडपाला कान झाकायला लावते.

स्प्रिंग आणि बादल्या

इको म्हणजे आवाजाची वेगळी ऐकू येणारी पुनरावृत्ती. रिव्हर्ब म्हणजे मोठ्या दालनात आवाज मागे रेंगाळतो तो घोळ. दोन्हींत फरक आहे. स्प्रिंग रिव्हर्बचे मूळ तर टेलिफोनमध्ये आहे. लांब पल्ल्याच्या तारेवर आवाजाला होणारा उशीर प्रयोगशाळेत निर्माण करण्यासाठी अमेरिकेतल्या बेल लॅबने स्प्रिंगा वापरल्या. ती कल्पना हॅमंड यांनी आपल्या ऑर्गनसाठी घेतली. एका टोकाला आवाजाने स्प्रिंग थरथरते, थरथर दुसऱ्या टोकाला जाते, आदळून परत येते, आणि हॉलमध्ये गातो आहोत असा भास होतो.

तिसरा प्रकार चिपचा. १९६९ साली फिलिप्स कंपनीतल्या दोन संशोधकांनी तो शोधला. त्याचे नाव 'बकेट ब्रिगेड'. गावात आग लागली की विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लागते आणि बादल्या हातोहात पुढे जातात, तसा विजेचा भार या चिपमध्ये एका घरातून दुसऱ्या घरात सरकतो. पॅनासॉनिकच्या एमएन-३००५ या चिपमध्ये अशी ४,०९६ घरे होती आणि तिच्यातून जास्तीत जास्त सुमारे ०.२ सेकंदाचा उशीर मिळे.

टेपची पेटी आणि ही बादल्यांची चिप या दोघींत एक गोष्ट सारखी आहे. प्रत्येक पुनरावृत्तीत आवाजाची धार थोडी बोथट होते. मूळ आवाज पुढे राहतो आणि परतीचा आवाज मागे सावलीसारखा जातो. तांत्रिकदृष्ट्या तो यंत्राचा दोष होता, पण शब्द वाचले ते त्यामुळेच. चांगल्या डिजिटल मशीनवर प्रत्येक पुनरावृत्ती मुळाइतकीच धारदार निघते आणि ती पुढच्या शब्दावर जाऊन आदळते. जुन्या पेट्यांना आजही किंमत आहे, त्याचे मोठे कारण हेच.

जमैकाचा रेडिओ मेकॅनिक

या यंत्रांचा सर्वांत कल्पक वापर श्रीमंतांच्या स्टुडिओत झाला नाही. जमैका बेटावरील किंग्स्टन शहराच्या गरीब वस्तीत ऑस्बर्न रडॉक (१९४१–१९८९) नावाचा रेडिओ आणि विजेची उपकरणे दुरुस्त करणारा मेकॅनिक राहत होता. लोक त्याला किंग टबी म्हणत. तेथेही आपल्यासारखेच मोठमोठे स्पीकर लावून रस्त्यावर, मैदानात लोक गाणी ऐकत. या माणसाने जुनी यंत्रे उघडली, त्यात आपल्या हाताने बदल केले आणि १९७० च्या दशकात 'डब' हा संगीतप्रकार घडविण्यात मोठा वाटा उचलला. त्याची युक्ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. तो इको सतत चालू ठेवत नसे. एखादा शब्द किंवा ढोलाचा एखादा ठोका निवडून तेवढ्यालाच इको देई आणि लगेच बंद करी.

आपला मंडप आणि आपले विहार

आता आपल्याकडे येऊ. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. स्टेजजवळ एक भोंगा आणि ६८ मीटरवर रस्त्याच्या कडेला दुसरा भोंगा बांधला, तर दुसऱ्या भोंग्याजवळ बसलेल्याला स्टेजचा आवाज ०.२ सेकंद उशिरा येतो. म्हणजे मशीनला हात लावण्याआधीच इको सुरू झालेला असतो! गाताना सेकंदाला चार-पाच अक्षरे जात असतील, तर मागच्या अक्षराचा इको बरोबर पुढच्या अक्षरावर पडतो. त्यावर मशीनचा इको चढविला की शब्दांचा चिखल होतो.

विहारात किंवा समाजमंदिरात अडचण वेगळी आहे. स्लॅब, प्लॅस्टर आणि फरशी आवाज शोषत नाहीत, परत फेकतात. अमेरिकेतील वॉलेस सॅबाइन यांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याचे गणित मांडले. १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि ४ मीटर उंच असा बंद सिमेंटचा हॉल त्या गणिताने तपासला, तर रिकाम्या हॉलमध्ये आवाज जवळजवळ पावणेसहा सेकंद रेंगाळतो. त्याच हॉलमध्ये शंभर माणसे बसली की तो सव्वा सेकंदाच्या आत येतो, कारण माणसांचे अंग आणि कपडे आवाज शोषतात. म्हणून रिकाम्या हॉलमध्ये केलेली चाचणी खरी मानू नये. अशा हॉलमध्ये रिव्हर्ब शून्यावर ठेवावा. सतरंज्या अंथराव्यात, खिडक्या उघडाव्यात, जाड पडदे लावावेत. हा खर्च मशीनपेक्षा कमी आणि गुण जास्त.

घरात जुनी पेटी असेल तर

एखाद्या मंडप-डेकोरेशनवाल्याच्या किंवा जुन्या ऑर्केस्ट्रावाल्याच्या अडगळीत टेप इको पडलेला असेल, तर तो भंगारात किलोवर देऊ नये. चालू स्थितीतल्या स्पेस इकोला परदेशात लाखाच्या घरात किंमत येते. मात्र हौस म्हणून वर्गणीच्या पैशातून तशी पेटी विकत घेण्याचेही कारण नाही. असलेली दुरुस्त करावी, एवढेच.

पहिले काम, मागची पट्टी वाचावी. जपानी बाजारासाठी केलेल्या पेट्या १०० व्होल्टच्या आणि अमेरिकन ११७ व्होल्टच्या असतात. आपल्या २३० व्होल्टवर थेट लावल्या तर जळतात. त्यांना व्होल्टेज उतरविणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. हेड आणि टेपचा रस्ता आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजविलेल्या कापसाने पुसावा. टेपचा लूप झिजतो, तो बदलावा. रबराचा रोलर कडक झाला की आवाज डुलतो. वर्षानुवर्षे बंद पडलेल्या पेटीतले कंडेन्सर सुकलेले असतात, ते बदलल्याशिवाय गुरगुर जात नाही. स्प्रिंगची पेटी ढोलकीपासून आणि ट्रान्सफॉर्मरपासून लांब, फोमवर ठेवावी. नाहीतर प्रत्येक ठोक्याला ती खणखणते. एक सावधगिरी मात्र हवीच. वायर काढल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठलेली असते. अर्थिंग नसलेल्या जागी माईक हातात देऊ नये आणि पेटी जाणत्या मेकॅनिकनेच उघडावी. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या आपल्या मुलांना हे काम जाणत्याच्या हाताखाली शिकता येईल. एका पेटीत टेप, मोटर, स्प्रिंग आणि ॲम्प्लिफायर असे चार धडे आहेत.

जे आहे त्यातच भागवा

बहुतेक मंडळांकडे जुनी पेटी नाही, साधा डिजिटल इकोचा मिक्सर आहे. काही हरकत नाही. जुन्या पेटीचे गुण त्यावरही आणता येतात. इकोच्या परतीला ट्रेबल किंवा टोनचे वेगळे बटन असेल तर ते कमी करा, म्हणजे परतीचा आवाज बोथट होऊन मागे जाईल. पुनरावृत्ती दोन-तीनच ठेवा. ठेका मिनिटाला १२० ठोक्यांचा असेल, तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा होतो. इको अर्धा किंवा पाव सेकंद ठेवला की तो लयीत बसतो. कडवे सुरू असताना इको जवळजवळ बंद आणि मुखड्याच्या शेवटच्या शब्दावर तेवढा उघडा. भाषण, वंदना आणि सूत्रसंचालन यांना इको मुळीच नको.

शेवटची गोष्ट कमिटीसाठी. गायकाला स्टेजवरून स्वतःचा आवाज कसा जातो ते कळत नाही. म्हणून एका कार्यकर्त्याने वही-पेन घेऊन सर्वांत मागे बसावे, पहिल्या गाण्याचे एक कडवे ऐकू येईल तसे लिहून काढावे आणि गायकाला नेऊन दाखवावे. जिथे ओळ तुटली असेल तेवढा इको मशीनवाल्याने उतरवावा. या तपासणीला पैसा लागत नाही.