आधी इंजिन, मग बॉडी

बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जानेवारी 2023 मध्ये जुन्या मोटारींचा मेळा भरला होता. रोल्स-रॉइस आणि बेंटलीचं अप्रूप बडोदेकरांना नवं नाही. माझा जीव मात्र कित्येक वर्षं एका उघड्याबोडक्या, दोन माणसांच्या मोटारीत अडकला आहे. ती म्हणजे लोटस सेव्हन, कारण ती घरी बांधता येते.

लोटसच्या कॉलिन चॅपमनने 1957 मध्ये ती आणली. ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर खरेदी-कर होता, सुट्या भागांवर नव्हता. मात्र भागांसोबत जोडणीच्या सूचना देता येत नसत. सांगतात की, लोटसने मोटार उलगडायच्या सूचना दिल्या. गिऱ्हाइकाने त्या शेवटून वाचायच्या! 1973 मध्ये ती करपद्धत गेली आणि सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे आले. पुढे वेस्टफील्ड कंपनीने तशीच मोटार काढली, तेव्हा केटरहॅमने त्यांना कायद्याचा बडगा दाखवला आणि वेस्टफील्डला आकार बदलावा लागला.

या सगळ्यात मला सर्वांत मोठा वाटतो तो रॉन चॅम्पियन. हा औंडलच्या शाळेतला शिक्षक. 250 पौंडांत स्पोर्ट्‌स कार बांधायला शिकवणारं त्याचं पुस्तक 1996 मध्ये निघालं. एक इंची चौकोनी पोलादी पाइप कापायचे, वेल्डिंग करून सांगाडा उभा करायचा आणि बाकीचं जुन्या फोर्ड एस्कॉर्टमधून काढायचं. एस्कॉर्टच का? इंजिन पुढे उभं, मधून शाफ्ट, ताकद मागच्या चाकांना. सेव्हनला नेमकी हीच मांडणी लागते.

म्हणून घरी जोडायच्या मोटारीचं किट निवडताना बॉडीच्या फोटोवर भाळू नये. आधी भंगारबाजारात मिळणारं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अॅक्सल ठरवावा. मारुती 800 पुढच्या चाकांवर चालते, इंजिनही आडवं. सेव्हनला ती निरुपयोगी. पद्मिनी, अॅम्बॅसेडर, काँटेसा यांची मांडणी जुळते. फोक्सवॅगन बीटलच्या सांगाड्यावर जुन्या एमजीची फायबर बॉडी चढवणारी किटं अमेरिकेत खूप खपली. इंजिन मागे असताना पुढे लांबलचक बॉनेट मिरवणं मला मुळीच पटत नाही.

हे गणित अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत बरोबर सोडवलं गेलं. गिडो आणि शमा बोथे यांच्या चिंकारा मोटर्सने सेव्हनच्या धर्तीवर रोडस्टर बांधली आणि तिच्यात इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन बसवलं. तेच इंजिन अॅम्बॅसेडरमध्येही येई, त्यामुळे ते उघडणारा मिस्त्री गावोगाव होता.

घरच्या बांधणाऱ्याला मात्र पुढे आरटीओ आडवा येतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 126 व्या नियमाप्रमाणे उत्पादकाने नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यायचा असतो. एकाच मोटारीसाठी तो खर्च कोण करणार? जुन्या गाडीवर नवी बॉडी चढवावी, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचना बदलण्यावर बोट ठेवलं. ब्रिटनने मात्र 1998 पासून एकेका मोटारीची स्वतंत्र तपासणी सुरू केली. ब्रेक, दिवे, पट्टे, धूर तपासायचे आणि नंबर द्यायचा. सुरक्षिततेचा आग्रह रास्तच आहे, पण तो असाही पाळता येतो.

1890 मध्ये सयाजीरावांनी बडोद्यात हातांना शिक्षण देण्यासाठी कलाभवन काढलं. आज ती तिथल्या विद्यापीठाची अभियांत्रिकी विद्याशाखा आहे. तिने एकेका मोटारीच्या तपासणीचा मसुदा तयार करून केंद्राकडे पाठवावा, ही माझी मनापासूनची मागणी आहे. तोवर बांधायचीच असेल, तर सेव्हन बांधा, खाजगी ट्रॅकवर चालवा, आणि पाइप कापण्याआधी अॅक्सल घरात आणून ठेवा.