कवटीच्या आत पोचणारी वीज

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्रीत काम केलेल्या माणसाला इंडक्शन भट्टी समजावून सांगावी लागत नाही. तांब्याची कॉईल, तिच्यातून सतत दिशा बदलणारा वीजप्रवाह आणि मध्ये मुशीत भरलेलं भंगार. कॉईल लोखंडाला कुठंही टेकलेली नसते, तरी लोखंडात वीज उभी राहते आणि ते वितळतं. बदलतं चुंबकीय क्षेत्र जवळच्या वाहकात वीज निर्माण करतं, हे मायकेल फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवून दिलं. जुनाट दुखणी, अर्धांगवायू आणि नैराश्य यांवर ‘टीएमएस’ नावाचा जो उपचार आज जगभर तपासला जातो आहे, तो याच नियमावर चालतो. इथं कॉईलजवळ लोखंडाऐवजी माणसाचं डोकं असतं, आणि निर्माण होणारी वीज इतकी अल्प असते की मेंदू तापत नाही, पण चेतापेशी संदेश सोडू लागतात.

मग सरळ वीजच का देत नाहीत? कारण कवटी. हाड विजेला फार विरोध करतं. १९८० मध्ये मर्टन आणि मॉर्टन या ब्रिटिश संशोधकांनी डोक्याच्या त्वचेवरून विजेचा झटका देऊन हाताचे स्नायू हलवून दाखवले होते, पण त्या झटक्यानं त्वचेत चांगलीच कळ येई. चुंबकीय क्षेत्राला मात्र हाडाचा अडथळा होत नाही. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी १९८५ मध्ये डोक्यावर कॉईल धरली, एक स्पंद दिला आणि समोरच्या माणसाचा हात विनावेदना हलला.

‘मेंदूला करंट’ म्हटलं की आपल्याकडे लोकांना शॉक ट्रीटमेंट आठवते आणि ते घाबरतात, म्हणून दोन्हींतला फरक आधीच सांगतो. शॉक ट्रीटमेंटमध्ये भूल देऊन मुद्दाम झटका, म्हणजे फिट, आणली जाते. तीव्र मानसिक आजारात तो उपयुक्त उपचार आहे. टीएमएसमध्ये भूल नसते, रुग्ण जागा असतो, आणि फिट येऊ नये म्हणूनच सगळी मापं ठरवलेली असतात. तरी क्वचित ती येऊ शकते. म्हणून खुर्चीत बसण्याआधी विचारलं जातं : पूर्वी कधी फिट आली होती का? डोक्यात धातूची क्लिप आहे का? कानात कॉक्लिअर इम्प्लांट, छातीत पेसमेकर? या प्रश्नांना खरी उत्तरं द्यायलाच हवीत.

दुखणाऱ्या हातासाठी उपचार घ्यायचा आहे असं समजू. चष्मा, कानातली, केसांतल्या पिना काढायच्या. कानांत बोळे घालायचे, कारण कॉईल मोठ्यानं टकटकते. शेजारी शेजारी दोन कडी जोडावीत तशी ही कॉईल असते, आणि दोन कडी जिथं मिळतात तिथं क्षेत्र सर्वांत जास्त. त्याची ताकद साधारण दीड ते दोन टेस्ला, म्हणजे एमआरआय यंत्राच्या तोडीची, पण एका मिलीसेकंदाहूनही कमी वेळ टिकणारी. परिणाम त्वचेपासून दोन-तीन सेंटिमीटर खोलीपर्यंतच होतो.

उजवा हात दुखत असेल तर कॉईल डावीकडे धरतात, कारण शरीराची हालचाल विरुद्ध बाजूच्या मेंदूकडे असते. कानाच्या वर जागा शोधत कॉईल इंच-इंच सरकवली जाते. नेमकी जागा, म्हणजे मेंदूतलं हाताच्या हालचालीचं केंद्र, सापडली की अंगठा आपोआप उडतो. मग ताकद कमी करत जातात. दहा स्पंदांपैकी पाचांना तरी स्नायू प्रतिसाद देतो अशी सर्वांत कमी ताकद, तो त्या माणसाचा उंबरठा. प्रत्येकाचा वेगळा. दुखण्यासाठी स्पंद बहुधा या उंबरठ्याच्या थोडे खालीच दिले जातात : सेकंदाला दहा, काही सेकंद सलग, मग थांबा, पुन्हा तेच. ढोबळमानानं जलद स्पंद त्या भागाची उत्तेजना वाढवतात, सेकंदाला एक असे संथ स्पंद ती कमी करतात. पाऊण तासाच्या आत सगळं आटोपतं. डोकं थोडं दुखलं तर दुखतं, आणि माणूस चालत घरी जातो.

हालचालीच्या केंद्राला डिवचून दुखणं कसं कमी होतं, हे मला या विषयातलं सर्वांत विलक्षण कोडं वाटतं. १९९१ मध्ये जपानमध्ये त्सुबोकावा यांनी पक्षाघातानंतरच्या असह्य वेदनेवर शस्त्रक्रियेनं याच केंद्रावर इलेक्ट्रोड बसवले आणि वेदना कमी झाल्या. तिथून कॉईलवाल्यांना वाट मिळाली. पुढे २०११ मध्ये निरोगी माणसांवरच्या एका प्रयोगात नॅलॉक्सोन हे औषध दिलं गेलं. मॉर्फिनसारख्या द्रव्यांचा परिणाम ते अडवतं. ते दिल्यावर या केंद्रावरच्या स्पंदांचा वेदनाशामक परिणाम घटला. म्हणजे कॉईल बाहेरून काही औषध घालत नाही. मेंदूची स्वतःची वेदना दाबणारी यंत्रणा ती कामाला लावते, निदान काही अंशी.

ज्या दुखण्यात ही यंत्रणा हवी असते, ते म्हणजे नसांचं दुखणं. मधुमेहात तळपायांची आग, नागीण बरी झाल्यावर महिनोन्‌महिने उरलेली जळजळ, मोटारसायकलवरून पडून खांद्यातल्या नसा तुटल्यावर लुळ्या हातात येणाऱ्या कळा. आणि तुटलेल्या हाताचं दुखणं. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात गुऱ्हाळाचा चरक आणि कारखान्यातले प्रेस यांत हात सापडणं ही ऐकिवातली गोष्ट नाही. हात कापावा लागतो, जखम भरते, पण नसलेल्या बोटांत मुरगळल्यासारखी कळ राहते. घरच्यांना ते ढोंग वाटतं. ते ढोंग नाही, मेंदूतला त्या हाताचा नकाशा अजून जागा असतो.

या दुखण्यावरचा एक प्रयोग कोलंबियात भूसुरुंगांनी पाय गमावलेल्यांवर झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ५४ जण. निम्म्यांना खरे स्पंद, रोज वीस मिनिटं, दहा सत्रं. निम्म्यांना नुसता आवाज करणारी खोटी कॉईल. कुणाला काय मिळतंय हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. पंधरा दिवसांनी खऱ्या गटातल्या सुमारे ७० टक्के लोकांचं दुखणं बऱ्यापैकी उतरलं होतं. पण खोट्या गटातल्याही सुमारे ४० टक्के लोकांचं उतरलं होतं! आणि महिन्यानं दोन्ही गटांतला फरक ठळक राहिला नाही. हा सगळा विषय या एका प्रयोगात सामावला आहे : परिणाम खरा, आशेचा वाटा मोठा, आणि टिकाऊपणा थोडा.

म्हणूनच तज्ज्ञांचे निष्कर्ष वेगवेगळे दिसतात. नसांच्या दुखण्यासाठी हालचालीच्या केंद्रावरच्या जलद स्पंदांना युरोपीय तज्ज्ञगटानं २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये पुराव्याची सर्वोच्च श्रेणी दिली. उलट सर्व प्रकारची जुनाट दुखणी एकत्र धरणाऱ्या २०१८च्या आढाव्यानं, तो कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा, फायदा अल्पकाळचा आणि पुरावा कच्चा ठरवला. नैराश्यावर मात्र पाया भक्कम आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २००८ मध्येच तिथं या उपचाराला वाट मोकळी केली. अर्धांगवायूत निरोगी अर्ध्या मेंदूला संथ स्पंदांनी शांत करून आजारी अर्ध्याला वाव द्यायची कल्पना सुंदर होती. पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १९९ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत खरी आणि खोटी कॉईल सारखीच ठरली. दोन्ही गटांचे हात सुधारले, कारण दोघांकडूनही व्यायाम करून घेतला होता.

टीडीसीएस हा टीएमएसचा धाकटा भाऊ : ओल्या स्पंजातले दोन इलेक्ट्रोड, एक-दोन मिलिअँपिअर, वीस मिनिटं. तो पेशींना पेटवत नाही, फक्त पेटायला थोडं सोपं किंवा अवघड करतो. आपल्याच पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला, निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत, गणेशन वेंकटसुब्रमण्यन यांच्या गटानं स्किझोफ्रेनियात ऐकू येणाऱ्या आवाजांवर त्याचा अभ्यास केला आहे. स्वस्त आणि सोपा म्हणून घरी बॅटरी जोडून करून पाहण्याचा हा प्रकार नव्हे, त्वचा भाजू शकते.

चंदगड किंवा गगनबावड्याच्या माणसाला यात यंत्रापेक्षा अवघड जातं ते सलग दोन आठवडे रोज शहरात येणं, तेही हंगामात मजुरी बुडवून. म्हणून पैसे आणि दिवस घालण्याआधी डॉक्टरांना विचारा : माझं दुखणं नसांचंच आहे का? किती सत्रं, आणि फायदा ओसरला तर पुढे काय? हा उपचार आहे की संशोधन? संशोधन असेल तर सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीतला क्रमांक मागा. औषध-चाचण्यांची ही नोंद २००९पासून सक्तीची आहे. संमतिपत्र मराठीत मागा, वाचा, घरच्यांना दाखवा. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनाचा खर्च सहभागी रुग्णाकडून घेता येत नाही, आणि मध्येच बाहेर पडण्याचा हक्क तुमचा आहे. चालू गोळ्या आणि व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.