डेंट रेल्वे स्थानक : अंतर, खर्च आणि सार्वजनिक उपयुक्तता

प्रस्तावना : उत्तर इंग्लंडमधील कंब्रिया परगण्यातील डेंट हे लहानसे स्थानक समुद्रसपाटीपासून सुमारे ३५० मीटर उंचीवर आहे. इंग्लंडच्या राष्ट्रीय रेल्वेजाळ्यातील ते सर्वांत उंच स्थानक होय. ज्या गावाचे नाव त्यास दिले आहे ते गाव मात्र सुमारे साडेसहा किलोमीटर दूर, खाली दरीत वसलेले आहे. स्थानक गावापासून इतके दूर का, आणि बंद होऊनही ते पुन्हा सुरू का झाले, या दोन प्रश्नांचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

स्थाननिश्चितीची कारणे : मिडलँड रेल्वे कंपनीस स्कॉटलंडकडे जाणारा स्वतःचा मार्ग हवा होता. १८६६ मध्ये पार्लमेंटने सेटल–कार्लाइल मार्गास मंजुरी दिली. १८६९ मध्ये कंपनीनेच हा प्रकल्प सोडून देण्याची अनुमती मागितली; पार्लमेंटने ती नाकारली. जलद गाड्यांसाठी शंभरास एक याहून तीव्र चढ टाळावयाचा होता. त्यामुळे मार्ग दरीत न उतरता डोंगरउतारावरूनच गेला. १८७७ मध्ये सुरू झालेले डेंट स्थानक ही या अभियांत्रिकी गरजेची परिणती होय; गावाची सोय तेथे दुय्यम होती.

बंदी आणि पुनरुज्जीवन : १९७० मध्ये या मार्गावरील थांबणाऱ्या गाड्या बंद झाल्या व डेंट स्थानकही बंद झाले. १९७५ पासून डोंगरभ्रमंती करणाऱ्यांसाठी सुट्टीच्या दिवशी ‘डेल्सरेल’ गाड्या येथे थांबू लागल्या. पुढे रिबलहेड येथील चोवीस कमानींच्या पुलाच्या दुरुस्तीचा खर्च पुढे करून ब्रिटिश रेलने संपूर्ण मार्गच बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. त्यावर सुमारे २२ हजार हरकती नोंदविल्या गेल्या. प्रस्ताव विचाराधीन असतानाच, १९८६ मध्ये, डेंट स्थानक नियमित वाहतुकीसाठी पुन्हा उघडले. एप्रिल १९८९ मध्ये शासनाने प्रस्ताव फेटाळला. पुलाची दुरुस्तीही पूर्वीच्या अंदाजापेक्षा बऱ्याच कमी खर्चात झाली.

निष्कर्ष : स्थानकाची उपयुक्तता केवळ जवळच्या लोकसंख्येवरून व तिकीटविक्रीवरून मोजल्यास डेंटसारखे स्थानक निरर्थक ठरते. परंतु १८७७ मध्ये ज्या प्रवाशांची कोणी कल्पनाही केली नव्हती, तेच पुढे त्याचा आधार ठरले. बंद केलेल्या सेवेस नवे उपयोजक मिळण्याची संधीच उरत नाही. म्हणून सार्वजनिक सुविधा बंद करताना आजच्या हिशेबाबरोबरच उद्याच्या शक्यतेचाही विचार होणे आवश्यक आहे, असे म्हणता येईल.